तिसरा पेरा

मु. चारठाणा
माघ शुद्ध पंचमी, फसली १३४९

चि. सौ. सिद्धम्मा हिला आशीर्वाद. जावई लिंगराजांना व उदगीरच्या सर्व मंडळींना शरणार्थी, नमस्कार.

कार्तिकात तू परत गेलीस, तेव्हापासून तुझे पत्र नाही. मीही लिहिले नाही. हे पत्र कामापुरते आहे.

विहिरीखालचा माळव्याचा, भाजीपाल्याचा, तुकडा यंदा मी करायचे ठरवले आहे. तुझी आई होती तोवर त्या तुकड्यात मी पाऊल टाकले नाही. जोंधळा आणि कापूस एवढेच माझे. ऊन तापायला लागले की ताटात गवार, भेंडी, दोडका यायचा. तो कसा येतो हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

जमीन खणून झाली. दोन गाड्या शेणखत घातले. वाफे मी स्वतः आखले, दोरी लावून, सगळे एका मापाचे आणि सपाट. कडूबाई अजून कामाला येते. तुझ्या आईबरोबर, तिच्या शांतक्काबरोबर, तिने वीस वर्षे तिथे खुरपे चालवले, त्यामुळे माझे काहीच तिच्या पसंतीस उतरत नाही. मी आखत होतो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून नुसती उभी होती. मग आपल्या गड्याने, चंद्रभानने, मोट जुंपली. पाणी दांडाने आले आणि पहिल्याच वाफ्यात तळे होऊन बसले. पुढे सरकेना. तेव्हा ती म्हणाली, "वाफे लय देखणे झालेत, मालक. पण पाण्याला उर्दू वाचता येत न्हाई. त्याला उतार लागतो."

मी सेलूला उर्दूत मिडल पास झालो, याचा तिला अजून राग आहे. चंद्रभान बैलांकडे तोंड करून हसला. वाफे मोडून पुन्हा केले.

लग्नाआधी तू आईच्या हाताखाली हे सर्व केले आहेस, म्हणून विचारतो. दोडक्याचा मांडव विहिरीच्या अंगाला घालायचा की बांधाच्या? काकडी वाफ्यात लावायची की सरीवर? कडूबाई एक सांगते आणि दुसऱ्या दिवशी दुसरे. थंडी यंदा हटत नाही. सकाळी हात कुदळीला चिकटतो, दुपारी डोके तापते. अशा हवेत बी कधी टाकावे तेही कळव.

विहिरीच्या पूर्वेला आईला समाधीत बसवले, तिथली माती थोडी खचली होती. ती भरून घेतली. बेलाचे रोप लावले आहे. मोटेचे पाणी तिथपर्यंत जाते.

मागे टपालाचे जे झाले ते झाले. हे पत्र चंद्रभानकडे न देता मी स्वतः सेलूला जाऊन टाकत आहे.

बसवंतराव


मु. चारठाणा
माघ वद्य तृतीया

चि. सौ. सिद्धम्मा हिला आशीर्वाद.

तुझे उत्तर आले नाही. कामात असशील.

परवा अवकाळी पाऊस आला. दिवसभर आभाळात काही नव्हते. तिसऱ्या प्रहरी चारठाण्याच्या देवळांमागून ढग चढला आणि दोन घटका कोसळला. सगळ्या वाफ्यांवर पापडी धरली. खत वाहून शेवटच्या वाफ्यात जमले. मांडवासाठी आणलेल्या काठ्या, गोवऱ्यांची रास, कडबा, सर्व भिजले. पापडी फोडून माती पुन्हा मोकळी करायला चार दिवस जातील.

कडूबाई म्हणते, बी टाकले नव्हते हे बरे झाले. तिने तुझ्या आईची एक रीत सांगितली. घरात बी कितीही असो, आई त्याचे तीन वाटे करायची. एक पेरा शिवरात्रीनंतर, दुसरा होळीला, तिसरा पाडव्याच्या तोंडावर. पहिला आभाळाचा, दुसरा पाखरांचा, तिसरा आपला, असे म्हणायची. तुला हे ठाऊकच असेल. तीस वर्षे मी तिच्या हातचे जेवलो आणि मला हे यंदा कळले.

तू कार्तिकात तिसऱ्या दिवशी आलीस. समाधीपाशी बसलीस. घरात आली नाहीस, पाणीही घेतले नाहीस. मी म्हणालो की पत्र आठ दिवस आधीच चंद्रभानकडे दिले होते, टपालात राहिले असेल. तू उठून गाडीत जाऊन बसलीस. परत जाताना सेलूपर्यंत गाडीत तू त्याला फार बोललीस, असे कडूबाईच्या कानावर आले. त्याने उलट उत्तर दिले नाही म्हणे. माझ्याजवळही तो त्याविषयी बोलला नाही.

मांडवाचे कळव. काठ्या वाळल्या की घालायचा आहे.

बसवंतराव


मु. चारठाणा
माघ वद्य अमावास्या

चि. सौ. सिद्धम्मा हिला आशीर्वाद.

माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती तुला सांगणे भाग आहे.

दर वर्षी शिवरात्रीच्या आठवडाभर आधी घरची विभूती मी करतो. घरच्या गाईच्या गोवऱ्या भुशात जाळायच्या, राख वस्त्रगाळ करून दुधात मळायची, गोळे वळायचे. वर्षभर ती पुरते. माझ्या वडिलांपासून चालत आलेले आहे. यंदा गोवऱ्यांची रास पावसाने भिजली होती, ती काही वाळेना. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, वळचणीखाली, वीसेक गोवऱ्या थापलेल्या होत्या. चांगल्या कोरड्या. मी त्या काढल्या आणि रचून पेटवल्या. जळताना तडतड आवाज येत होता. मला वाटले, ओल राहिली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई बी काढायला आली. हवा उघडली होती आणि वाफे तयार होते. ती मागच्या भिंतीशी गेली. मग तिने विचारले, इथल्या गोवऱ्या कुठे गेल्या? मी सांगितले. ती तिथेच खाली बसली.

"त्या गवऱ्या न्हवत्या, मालक," ती म्हणाली. "ते बेणं व्हतं. दोडक्याचं, काकडीचं, भोपळ्याचं. शांतक्कानं दर एकीवर अंगठा उठवला व्हता. दिसला न्हाई का तुमाला?"

दिसला होता. काढताना प्रत्येक गोवरीच्या मध्यावर अंगठ्याचा खळगा दिसला होता. मी तो पाहिला आणि गोवरी आगीत ठेवली.

शेणात दाबलेल्या बीला कीड लागत नाही, हे मला शेतकरी असून माहीत नव्हते असे नाही. घरात ते कुठे असते हे माहीत नव्हते. गवार आणि भेंडीचे बी सेलूच्या बाजारात मिळाले. पण तो दोडका आईने माहेराहून आणला होता, तिच्या आईच्या मांडवावरचा. तसा इथे कोणाकडे नाही. कडूबाईने चार गावांत विचारले.

विभूतीचे सहा गोळे झाले. रोज सकाळी पूजेला बसतो तेव्हा तीच कपाळाला लावतो. दुसरी कोणाकडून आणावी असे एकदा मनात आले, पण आणली नाही.

तुझ्या लग्नात आईने तुझ्या ओटीत दोन गोवऱ्या घातल्या होत्या, फडक्यात बांधून. उदगीरच्या बायका हसल्या होत्या की लेकीच्या ओटीत शेण घातले. त्या दोडक्याच्या होत्या, असे कडूबाई सांगते. तू त्यातले बी धरत आली असशील तर मूठभर पाठव. दिवस निघून चालले आहेत.

बसवंतराव


मु. चारठाणा
फाल्गुन शुद्ध चतुर्थी

चि. सौ. सिद्धम्मा हिला आशीर्वाद.

काल तुला पुन्हा बीसाठी चार ओळी लिहिल्या होत्या. पायाला कुदळ लागल्याने मला सेलूला जाता येत नाही. म्हणून चंद्रभानला हाक मारली आणि पत्र पुढे केले. त्याने हात पुढे केला नाही. वहाणा काढून पायरीखाली उभा राहिला.

"आप्पा, मला पत्र न्यायला सांगायलाव," तो म्हणाला, "पण ह्येबी मागं घेतलं तर ताईला म्या काय सांगू?"

मी ते पत्र फाडले. हे दुसरे आहे.

आई आश्विनाच्या शेवटी आजारी पडली. धापेने तिला आडवे होता येत नव्हते, मागे लोड लावून बसून असायची. चौथ्या दिवशी म्हणाली, सिद्धीला बोलवा. मी पत्र लिहिले आणि चंद्रभानला दिले. तो ओट्याची पायरी उतरून बैलांपाशी पोचला होता. मी त्याला परत बोलावले आणि पत्र मागून घेतले. म्हटले, दोन दिवस पाहू, उतार पडेल.

संध्याकाळी तिने विचारले, पत्र गेले का? मी हो म्हणालो. त्यानंतर सहा दिवस ती रोज हिशेब करायची. आज परभणीला गाडी बदलली असेल, आज सेलूला उतरली असेल. तिने लोड दाराच्या समोर लावून घेतला होता. सातव्या दिवशी सकाळी ती लिंगैक्य झाली. तार मी त्यानंतर पाठवली. मातीसाठी तुझी वाट पाहिली नाही, कारण तू आलीस तर काय सांगायचे हे मला सुचत नव्हते.

पत्र का परत घेतले ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी लिंगराज तिला उदगीरला डॉक्टरांना दाखवायला न्यायला आले होते. तूही होतीस. मी ओट्यावरच म्हणालो की लेकीच्या घरी राहून औषध खायची पाळी माझ्या बायकोवर आलेली नाही, आणि हे ज्यांना पटत नसेल त्यांनी माझा उंबरा चढू नये. तुम्ही त्याच गाडीने परत गेलात. आता मीच बोलावले असते तर माझा शब्द खाली पडला असता. एवढेच कारण आहे. चार महिने दुसरे शोधले, सापडले नाही.

चंद्रभानने काही केले नाही. टपालानेही केले नाही. तू त्याला बोललीस तेव्हा तो गप्प राहिला, कारण माझे मीठ खातो असे त्याला वाटते. पहिल्या पत्रात मी पुन्हा त्याच्यावरच बोट ठेवले होते, हे तुझ्या लक्षात आले असेल.

ते पत्र पंचांगात ठेवले होते. ते सोबत पाठवतो. त्यात आई आजारी आहे एवढेच लिहिले आहे. खाली एक ओळ तिने सांगून लिहवली आहे, ती तुझी आहे.

बीसाठी लिहायला बसलो होतो हे खरे. आता पाठवले नाहीस तरी मी समजेन.

आप्पा


मु. चारठाणा
फाल्गुन वद्य चतुर्थी

चि. सौ. सिद्धम्मा हिला आशीर्वाद.

तुझे पुडके चंद्रभानच्या नावे आले. टपालवाल्याने तीनदा विचारले की हा चंद्रभान कोण. त्याला जन्मात कधी टपाल आले नव्हते. तो ते कपाळाला लावून घरी घेऊन आला आणि माझ्यासमोर उघडले.

चिठ्ठी मी त्याला वाचून दाखवली, त्याच्याच नावाची होती म्हणून. "चंद्रभानदादा, मी तुम्हाला नाही ते बोलले. मनात ठेवू नका. दोन पेऱ्यांपुरते बी पाठवते. तिसरा वाटा माझ्याकडे आहे." माझ्यासाठी त्यात ओळ नव्हती, आणि ती मी शोधलीही नाही.

त्यानंतर चंद्रभानची माफी मागताना मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. कडूबाई तिथेच होती. तो खाली बघत ऐकत राहिला, मग म्हणाला, "बैलं सोडायची हायेत, आप्पा," आणि गेला. संध्याकाळी मात्र परत आला आणि मांडवाची एक काठी वाकडी होती ती न सांगता काढून दुसरी रोवली.

पुडक्यात आलेली गोवरी मी फोडली नाही. कडूबाईने फोडली. बी काळे, चपटे, चाळीस भरले. उशीर झाला होता म्हणून माझ्या मनात आले की सर्व एकदमच टाकावे. तू लिहिले नसतेस तर टाकले असते. वीस टाकले, वीस मडक्यात राखेत ठेवले. एका आळ्यात दोन, बोटाच्या दोन पेरांइतके खोल, टोक खाली. पाचव्या दिवशी माती उचलली आणि होळीपर्यंत अठरा रोपे दोन पानांवर आली. मी रोज सकाळी जाऊन मोजत होतो.

परवा गारपीट झाली. दुपारी इतके उकडत होते की बैल पाणी पिऊन विहिरीपाशीच बसून राहिले. वारा पडला, आभाळ पिवळे झाले. मी लंगडत गेलो आणि घरातली घोंगडी आणली. एका वाफ्यावर धरून बसलो, दुसऱ्यावर कडूबाईने पाटी पालथी घातली. पहिली गार पडली ती सुपारीएवढी होती. नंतरच्या लिंबाएवढ्या. कडूबाईने मला ओढून मोटेच्या धावेच्या, बैल चालतात त्या उताराच्या, आडोशाला बसवले, नाहीतर मी तिथेच राहिलो असतो. थांबल्यावर पाहिले तर वाफे पांढरे झाले होते. अठरापैकी एकही राहिले नाही. मांडव बसला. बेलाच्या रोपाला एक पान नाही, पण शेंडा शाबूत आहे.

कडूबाई गारा गोळा करून बांधाबाहेर टाकत होती. मला म्हणाली, "आभाळाचा वाटा त्यानं नेला, मालक. आता रडायचं काय त्यात. ठरलेलंच व्हतं."

मडक्यातले वीस बी काल टाकले. जमीन ओली आहे, ऊन चांगले आहे. हा पाखरांचा पेरा. बुजगावणे उभे केले आहे. माझा जुना कोट त्याला घातला, तर कडूबाई म्हणते पाखरे ओळखीच्या माणसाला भीत नाहीत.

लिंगराजांना सांग की त्या दिवशी त्यांचे बरोबर होते. मी समोर सांगेन, पण आधी पत्राने सांगतो.

आप्पा


मु. चारठाणा
फाल्गुन वद्य द्वादशी

चि. सौ. सिद्धम्मा हिला आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी काल मिळाली, ही माझ्या नावाची. "अमावास्येला सेलूला उतरते. तिसरा पेरा मी माझ्या हाताने टाकीन. समाधीपाशी बसेन. घरात येईन की नाही ते तिथे आल्यावर पाहीन." इतकेच लिहिलेस. इतके पुरे आहे. त्याहून जास्त मी मागत नाही.

दुसऱ्या पेऱ्यातली नऊ वर आली होती. साळुंक्यांनी पाच नेली. चार आहेत. त्यांना बोरीचे काटे लावले आहेत. मांडव पुन्हा उभा केला, विहिरीच्या अंगाला. तू कळवले नाहीस, पण जुन्या काठ्यांचे खड्डे तिथेच सापडले. आई तिथेच घालत असणार.

समाधीला लागून एक वाफा रिकामा ठेवला आहे. खणून, उतार देऊन, रोज थोडे पाणी सोडतो. पापडी धरू देत नाही. कडूबाईने काल पाणी सोडून पाहिले. ते शेवटपर्यंत गेले. ती खुरपे घेऊन दुसऱ्या वाफ्याकडे वळली. तिचे न बोलणे आता मला थोडे कळते.

ढग रोज संध्याकाळी चढतात आणि रात्री उतरतात. पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. मीही सांगत नाही.

तुझ्या लग्नानंतर तुला आणायला दर वेळी गाडी गेली, मी कधी गेलो नाही. बाप स्टेशनावर उभा राहात नाही, अशी आमच्या घरची समजूत होती. अमावास्येला गाडीत मी असेन. पायाचे बरे आहे. कडबा जास्त टाकायला सांगितला आहे, वाटेत धक्के बसू नयेत म्हणून. येताना तुला गाडीत बोलायचे नसेल तर मी मागून चालत येईन, तसे मी चंद्रभानला सांगून ठेवले आहे. तो म्हणाला, बघू.

उतरल्यावर आधी त्याच्याशी बोल. माझ्याशी मग.

आप्पा